धुळ्याचे चाचा आणि आमच्या ॲम्बेसेडरचे वॉटर प्लग

अंगणात गाडीखाली रोज सकाळी ताटाएवढी ओल दिसायला लागली ती होळीच्या सुमारास. तेल नव्हतं. बोट लावून पाहिलं तर तांबूस पाणी. गाडी १९७२ सालची ॲम्बेसेडर, मार्क टू, पेट्रोल. आप्पांनी नवी घेतलेली. ते डॉक्टर होते. अमळनेरहून आजूबाजूच्या खेड्यांत व्हिजिटला जायचे. काळ्या मातीच्या रस्त्यांवरून अडलेल्या बायकांना रात्री-अपरात्री तालुक्याला आणलं ते याच गाडीच्या मागच्या सीटवरून. आप्पा गेल्यावर गाडी विकायची गोष्ट घरात निघाली तेव्हा मी एकटीनं नाही म्हटलं, आणि तेव्हापासून तिची सगळी देखभाल माझ्याकडे आहे. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहे. गाडी कुणाच्या हाती द्यायची याबाबत मी फार चिकित्सक आहे, आणि धुळ्यातल्या चाचा मिस्त्रींच्या ज्या गॅरेजबद्दल लिहितेय त्यालाही मी आधी तसंच पारखून घेतलं.

आधी दुसऱ्या एका ठिकाणी काय झालं ते सांगते, नाहीतर चाचांच्या कामाचं मोल कळणार नाही.

घराजवळच्या एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. त्यानं टॉर्च मारून सांगितलं, ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाच्या, बाजूचा एक वॉटर प्लग (भोक बंद करणारी पत्र्याची चकती) पाझरतोय. तेवढं निदान बरोबर होतं. पण प्लग काढला नाही. वरचा गंज पॉलिश पेपरनं घासला, त्यावर एपॉक्सीची पुट्टी थापली, रेडिएटरमध्ये गळती बंद करायची पावडर ओतली आणि ८०० रुपये घेतले. शिवाय मला न विचारता थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला. 'आपल्याकडच्या उन्हात त्याची गरज नसते' हे मला गाडी घ्यायला गेल्यावर सांगितलं. अंगण १९ दिवस कोरडं राहिलं.

मे महिन्यात मालेगावला भाचीच्या लग्नाला निघालो. मी, माझी बहीण आणि तिची सासू. धुळं सोडून लळिंगचा घाट चढायला लागलो आणि आप्पांनी नंतर बसवून घेतलेला टेंपरेचरचा काटा सरळ उभा राहिला. सकाळचे साडेदहा, ऊन आत्ताच कपाळ भाजणारं. गाडी कडेला घेतली तर बॉनेटखालून वाफ. रेडिएटरची कॅप तशा वेळी उघडायची नसते हे शाळेत मी प्रेशर कुकरच्या उदाहरणानं शिकवलेलं: दाब आहे तोवर पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, कॅप फिरवली की क्षणात उसळून तोंडावर येतं. पाऊण तास लिंबाच्या झाडाखाली बसलो. मग एका धाब्यावरून दोन कॅन पाणी घेतलं, सासूबाईंना आणि बहिणीला मालेगावच्या एसटीत बसवलं आणि मी उताराउतारानं धुळ्याला परत आले. त्या दहाएक किलोमीटरमध्ये दोनदा पाणी भरावं लागलं.

धुळ्यात जुन्या गाड्यांचे मिस्त्री अजून टिकून आहेत याचं कारण उघड आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन मोठे रस्ते इथं एकमेकांना छेदतात. ट्रकवाल्यांच्या तीन पिढ्या इथं इंजिनं उघडत आल्या. धाब्यावरच्या माणसानंच पत्ता दिला: पारोळा रोडनं या, टायरच्या दुकानांच्या ओळीमागे बोळ आहे, चाचा कुठं बसतात म्हणून कुणालाही विचारा. पाटी नाही. पत्र्याची शेड, पुढे बाभळीचं झाड, झाडाखाली दोन जुन्या फियाट आणि एक बिनटपाची जीप. चाचा सत्तरीच्या घरातले. पांढरी दाढी, नाकावर चष्मा, हातात चिंधी. मला वाटलं बॉनेट उघडायला सांगतील. ते आधी म्हणाले, "बाई, पानी कोनतं भरतस? नळनं का बोरनं?"

बोरचं, मी म्हटलं. आमच्या बोरचं पाणी जड. चहाच्या पातेल्याला महिन्याभरात पांढरा थर धरतो. चाचांनी मान हलवली आणि मग बॉनेट उघडलं.

ज्यांना हा प्लग म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगते, कारण मीसुद्धा कितीतरी वर्षं चुकीचं समजत होते. ॲम्बेसेडरचा ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. सिलेंडरांभोवती पाणी फिरायला आत पोकळी लागते. ती पोकळी ओतताना तयार व्हावी म्हणून साच्यात वाळूचा गाभा ठेवतात, वितळलेलं बीड त्याच्याभोवती भरतं. थंड झाल्यावर आतली वाळू बाहेर काढायची तर भोकं हवीत. ती भोकं मग पत्र्याच्या गोल चकत्यांनी बंद करतात. त्याच या चकत्या. कोर प्लग, वेल्च प्लग, वॉटर प्लग, काहीही म्हणा. चाचा टिकली म्हणतात. इंग्रजीत यांना फ्रॉस्ट प्लगही म्हणतात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, तेव्हा प्लग बाहेर उडून ब्लॉक वाचेल अशी समजूत. कधी वाचतो, कधी प्लग जागेवर राहून ब्लॉकच तडकतो. प्लग त्यासाठी केलेलाच नाही. आणि धुळ्याची थंडी कितीही कडक असली तरी रेडिएटर गोठण्याइतकी पडत नाही. आपल्याकडे प्लग मरतो तो गंजानं, आणि गंज आतून येतो. ब्लॉकची भिंत जाड, प्लग जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा पत्रा. दोघं एकाच पाण्यात गंजतात, पातळ असतो तो आधी जातो. म्हणून बाहेरून पुट्टी लावणं म्हणजे कुजलेल्या दाराला वरून रंग देणं.

चाचांनी पुट्टी नखानं उचकटली आणि काही बोलले नाहीत. हे मला आवडलं. दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवून स्वतःचं दुकान मांडणारे मिस्त्री मी पुष्कळ पाहिलेत. त्यांनी ऑइलची दांडी काढून पाहिली: तेल स्वच्छ होतं, दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी तेलात गेलेलं नाही. सायलेन्सरचा धूर पाहिला. मग रेडिएटरच्या तोंडावर एक जुनी कॅप लावली. तिला त्यांनी सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह आणि एक छोटा मीटर जोडलाय. सायकलच्या पंपानं त्यात हवा भरली. "कॅपवर जितला आकडा छापेल शे तितलीच भरनी," पंप मारणाऱ्या पोराला त्यांनी बजावलं. काटा हळूहळू खाली यायला लागला. मग चाचा गाडीखाली गोणपाट टाकून आडवे झाले आणि मला म्हणाले, "बाई, आठे देखा." म्हणजे इथं बघा.

मी साडीचा पदर खोचून वाकले. बाजूच्या प्लगमधून पाणी येत होतंच. पण इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जुळतात त्या घंटेसारख्या कवचाच्या तळाशी एक बारकं भोक असतं, तिथूनही थेंब पडत होता. एक. मग बऱ्याच वेळानं दुसरा. चाचांनी तो थेंब बोटावर घेऊन अंगठ्यानं चोळला. चिकटपणा नाही, म्हणजे पाणीच. तिथं पाणी यायचा एकच मार्ग: ब्लॉकच्या पाठीमागचा प्लग, जो फ्लायव्हील (इंजिनाच्या मागचं जड चाक) आणि मागच्या प्लेटच्या आड लपलेला असतो. बाजूचे प्लग जागेवर हात घालून बदलता येतात. पाठीमागच्यासाठी इंजिन उतरवावं लागतं.

खरं सांगते, त्या क्षणी मला शंका आली. बाई एकटी, बाहेरगावची, गाडी अडकलेली; मोठं काम काढायची ही वेळ कुणीही साधेल. मी स्पष्ट विचारलं, आत्ता फक्त बाजूचे बदलले तर? चाचा म्हणाले, बदलून देतो, मजुरी इतकी, संध्याकाळी गाडी न्या. मग तोच चष्मा पुसत म्हणाले, "पन मी आथांच सांगस, दोन महिनामा परत येशात. मांगली टिकली बी तितलीच म्हातारी शे." दोन्ही रस्ते पैशांसकट समोर ठेवले आणि घाई केली नाही. मी बाहेर जाऊन चहा घेतला, भावाला फोन केला, आणि इंजिन उतरवा म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम सकाळच्या गाडीनं पुन्हा धुळ्याला गेले. नवलनगरवरून तास-सव्वा तासाचा रस्ता. चाचांना आवडणार नाही असं वाटलं होतं, पण त्यांनी लोखंडी स्टूल सावलीत ओढून दिलं. शेडच्या गर्डरला चेन पुली टांगलेली होती. दुपारी एकपर्यंत इंजिन गाडीबाहेर लोंबकळत होतं. लहानपणापासून ज्याच्यावरचं झाकणच तेवढं पाहिलं होतं ते १४८९ सीसीचं इंजिन असं हवेत टांगलेलं पाहून मला कसंतरी झालं.

प्लग काढणं ही या कामातली सगळ्यात नाजूक गोष्ट, आणि इथं चाचांनी पोराला हात लावू दिला नाही. प्लगच्या मधोमध सुंब्यानं एक भोक पाडायचं आणि त्यात टोकदार सळई घालून तो उचकटून बाहेर घ्यायचा. पण सुंबा खोल गेला तर मागे सिलेंडरची भिंत आहे, तिला इजा. आणि जोरात ठोकला तर अख्खा प्लग आत पोकळीत पडतो. मग तो काढता काढता दिवस जातो, आणि तसाच आत राहू दिला तर पाण्याची वाट अडवतो. चाचांनी सुंब्याला चिकटपट्टी गुंडाळून खूण केली होती, याच्या पुढे जायचं नाही. बाजूचा पहिला प्लग भोक पाडायचीही वाट न बघता तुटला. आतल्या बाजूनं तो भाजलेल्या पापडासारखा झाला होता, फोड आलेला, पापुद्रे सुटणारा.

पाठीमागचा निघाला तेव्हा आधी पाणी आलं नाही. गाळ आला. तपकिरी, घट्ट, नाचणीच्या आंबिलीसारखा. त्यात पांढरे खडे होते, क्षारांचे, आणि चकचकीत कण होते. ते त्या पावडरीचे असावेत. चाचांनी तार घालून खरवडलं तर निघतच राहिला. पाण्याचा पंप इंजिनाच्या पुढच्या टोकाला. मागच्या सिलेंडरपाशी पाण्याची चाल मंद, म्हणून गाळ तिथंच बसतो. आणि जिथं गाळ बसतो तिथं पाणी पोचत नाही, तो सिलेंडर जास्त तापतो. ब्लॉकला पाणी सोडायचा नळ असतो तोही या गाळानं बुजला होता. म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी मी रेडिएटरचं पाणी बदलत होते, ते फक्त रेडिएटरचंच बदलत होतं. ब्लॉकमध्ये जुनंच पाणी साठून होतं. मी इतकी वर्षं हे नेमानं करत आले आणि गाडीची नीट काळजी घेतेय असं समजत होते.

घमेलंभर गाळ निघाला. दीड दिवस नुसतं धुणं चाललं: या भोकातून पाइप लावायचा, त्या भोकातून निघू द्यायचं, मग उलटं. पाणी नितळ यायला लागल्यावरही चाचांनी पुन्हा तार घातली आणि पुन्हा गढूळ आलं. लळिंगच्या घाटात गाडी का तापली, त्याचं उत्तर त्या घमेल्यात होतं. गळतीनं पाणी कमी झालं हे एक, पण जे होतं तेही नीट फिरत नव्हतं. कुणी नुसते प्लग बदलून दिले असते तर अंगण कोरडं राहिलं असतं आणि गाडी पुढच्या मे महिन्यात पुन्हा तापली असती.

नवे प्लग चाचांनी इंदूरहून बसच्या पार्सलनं मागवले, पितळी. ॲम्बेसेडरचं हे इंजिन मुळात ब्रिटिश, बीएमसीच्या बी सिरीजचं, मॉरिस ऑक्सफर्डमध्ये बसायचं तेच. त्यामुळे सगळी मापं इंचात. हार्डवेअरच्या दुकानात मिलिमीटरचे जवळपासचे प्लग मिळतात, आणि काही लोक ते ठोकून बसवतातही. ते राहत नाहीत. पितळ का, असं विचारल्यावर चाचा म्हणाले की लोखंडी स्वस्त पडतो, पण पितळेला गंज नाही. नरम असतं म्हणून बसवताना हात हलका ठेवायचा एवढंच. सोनगीर इथून जेमतेम २० किलोमीटर. पितळेचे हंडे-कळश्या पिढ्यान् पिढ्या पाणी भरून टिकतात हे खानदेशातल्या बाईला वेगळं शिकवावं लागत नाही.

बसवताना मी अगदी जवळ उभी होते. प्लग दोन तऱ्हेचे असतात. भोकाला आत पायरी असेल तर बशीसारखा फुगीर प्लग लागतो. पायरी नसून सरळ कड असेल तर वाटीसारखा, ज्याची कडा घट्ट दाबून बसते. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. आमच्या ब्लॉकच्या भोकांना पायरी होती. चाचांनी पॉलिश पेपरनं ती पायरी बोट फिरवून गुळगुळीत लागेपर्यंत घासली, चिंधीला पेट्रोल लावून पुसली, कडेला सीलंटचा अगदी बारीक वेढा दिला. जास्त लावला तर तो आत ओघळतो आणि पुढे रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन अडकतो, हेही सांगितलं. मग प्लग फुगीर बाजू बाहेर ठेवून पायरीवर टेकवला. त्याच्या मधोमध लोखंडी दांडा धरला आणि हातोडीचा एक ठोका.

फुगा थोडा बसला. पुरी तळल्यावर वरून झाऱ्यानं अलगद दाबतो, तितकाच. मधला भाग खाली बसताना कडा बाहेरच्या बाजूला पसरते आणि भोकाच्या भिंतीत आवळून बसते; सगळी पकड तेवढ्यात आहे. दुसरा ठोका हलका. तिसरा मारला नाही. मी विचारलं, अजून एक का नको? "खड्डा पडना का कडा परत आतमा येस," ते म्हणाले. सपाटीच्या पलीकडे गेला, आत वळला, की कडा सैल पडते. कधी थांबायचं हे ते कानानं ठरवतात. पहिल्या ठोक्याचा आवाज पोकळ होता, दुसऱ्याचा भरीव, मलाही तो फरक ऐकू आला. मी तीसएक वर्षं मुलांना धातूंचे गुणधर्म शिकवले. वर्धनीयता हा शब्द फळ्यावर किती वेळा लिहिला असेल. ती अशी बोटभर अंतरावरून पाहिली नव्हती.

सगळे प्लग बदलले, हेडच्या टोकाचासुद्धा. इंजिन गाडीत बसवण्याआधी पाठीमागच्या प्लगची परीक्षा वेगळी घेतली, कारण एकदा प्लेट आणि फ्लायव्हील लागलं की तो पुन्हा दिसणार नाही. नंतर गाडीत पुन्हा पंप लावून २० मिनिटं काटा पाहिला. हलला नाही.

थर्मोस्टॅट नवा बसवला. यावर चाचांचं मत ठाम आहे आणि माझंही आता तेच. थर्मोस्टॅट काढला की पाणी सुरुवातीपासून सगळं रेडिएटरमधून फिरतं, इंजिन गरम व्हायला उशीर लागतो, थंड इंजिन पेट्रोल जास्त खातं आणि आतून जास्त झिजतं. उन्हाळ्याच्या भीतीनं तो काढणं ही आपल्याकडची जुनी सवय. तो चांगला असेल तर योग्य वेळी पूर्ण उघडतो, अडवत नाही. चाचांनी बसवण्याआधी माझ्यासमोर पातेल्यात पाणी तापवून त्यात तो बुडवून दाखवला, उघडला. आणि बोरचं पाणी बंद. आता निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. कूलंट फक्त थंड प्रदेशासाठी असतं हाही एक गैरसमज. त्यातली गंजरोधक रसायनं आपल्यासाठी जास्त महत्त्वाची, आणि असं मिश्रण साध्या पाण्यापेक्षा पाच-सहा अंश उशिरा उकळतं. ती रसायनं संपतात, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. पुढची तारीख चाचांनी बॉनेटच्या आत मार्करनं लिहून ठेवलीय.

आता ज्या गोष्टी पटल्या नाहीत त्या. पाच दिवस सांगितले होते, अकरा लागले. त्यातले दोन पार्सलची वाट बघण्यात गेले आणि दीड धुण्यात, ते समजू शकते. पण उरलेले दिवस एका ट्रकचं काम मध्ये घेतलं म्हणून गेले, आणि हे मला फोन करून सांगितलं नाही. चाचा फोन उचलतच नाहीत. पोरगा उचलतो आणि 'चाचा नमाजला गेलेत' किंवा 'जेवताहेत' एवढंच सांगतो. इंजिन परत आत उतरवताना डाव्या मडगार्डला बोटभर ओरखडा आला. तो त्यांनी स्वतः दाखवला, मला शोधायला लावला नाही, आणि २०० रुपये कमी केले. पण त्या मडगार्डवर आप्पांच्या वेळचा मूळ रंग होता, तो २०० रुपयांनी येत नाही. फॅन बेल्ट जास्त आवळला होता. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी डायनामो किरकिरायला लागला. परत नेली तेव्हा पाच मिनिटांत सैल करून दिला, पैसे घेतले नाहीत, पण माझं जाणं-येणं झालंच. बायकांना बसायला, हात धुवायला तिथं सोय नाही. टायरच्या दुकानाशेजारच्या घरातल्या ताईंनी मला दुपारी आत बोलावलं म्हणून निभावलं.

बिल वहीच्या पानावर, पण प्रत्येक वस्तू वेगळी लिहिलेली. इंजिन उतरवणं-चढवणं ४५००, प्लग बदलणं आणि ब्लॉक धुणं १८००, पितळी प्लगांचा सेट ९५०, होज पाइप आणि क्लिपा ११००, थर्मोस्टॅट ४५०, गॅस्केट ६००, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर १२००. इंजिन बाहेर आहे तर क्लच प्लेट बदलून घ्या असा आग्रह मला अपेक्षित होता. चाचांनी प्लेट हातात देऊन जाडी दाखवली आणि सांगितलं, अजून बरीच चालेल, उगाच खर्च करू नका. ओरखड्याचे २०० वजा करून १०,४०० दिले. जुने सगळे प्लग बिस्किटाच्या डब्यात घालून त्यांनी माझ्या हाती दिले. पाठीमागचा उजेडासमोर धरला तर चाळणी आहे.

जूनपासून आता दिवाळीपर्यंत गाडी १६०० किलोमीटर चाललीय. अंगण कोरडं. पाण्याची पातळी दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना बघते; एकदाही भरावं लागलं नाही. सप्टेंबरात शहाद्याहून तोरणमाळचा घाट चढवला, चार माणसं आणि सामान घेऊन. सातपुड्यातली ती वळणं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच चढायची. काटा मधोमध होता तिथून हलला नाही. ऑक्टोबरच्या उन्हात लळिंगही मुद्दाम चढून आले, त्याच लिंबापाशी थांबून बॉनेट उघडून पाहिलं. सगळं कोरडं होतं.

तुमच्याकडे जुनी फियाट, ॲम्बेसेडर, जीप असेल आणि खाली तांबूस पाणी दिसत असेल, तर माझ्या मते धुळ्याला जाणं सार्थ आहे. घाईत असाल तर जाऊ नका. शुक्रवारी दुपारी बंद असतं. सांगितलेल्या दिवसांच्या दुप्पट दिवस मनाशी धरा, पहिल्या दिवशी स्वतः हजर राहा, आणि मडगार्डवर जुनी गोधडी टाकायला आठवणीनं सांगा. पाणी कोणतं भरता याचं उत्तर तयार ठेवा. पहिला प्रश्न तोच येतो.